हे मांजर कोणाचे?

रस्त्याच्या कडेला वाहनाखाली सापडून मेलेले मांजर आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिले आहे. नगरपालिकेचा सफाई कामगार येतो, ते उचलतो आणि गाडीत टाकतो. ते कोणाचे होते, घरी कोणी त्याची वाट पाहत आहे का, हे प्रश्न त्या वेळी सहसा कोणाला पडत नाहीत. पडले तरी उत्तर मिळण्याचा मार्ग नसतो. मेलेले मांजर स्वतःचा पत्ता सांगू शकत नाही.

इंग्लंडमधल्या कित्येक गावांत मात्र ते सांगते. तेथील काउन्सिलचा (म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेचा) कामगार मांजराचा देह उचलतो आणि हातातले एक यंत्र त्याच्या मानेवरून, खांद्यांवरून, छातीकडून सावकाश फिरवतो. यंत्राच्या छोट्या पडद्यावर पंधरा आकडे उमटतात. त्या आकड्यांवरून मालकाचा शोध लागतो आणि त्याच्या घरी दूरध्वनी जातो. ही साखळी कशी चालते आणि कोठे तुटते, हे या लेखात पाहू. त्यातले भौतिकशास्त्र शाळेच्या पुस्तकातलेच आहे. साखळी तुटते ती बहुधा भौतिकशास्त्राच्या बाहेर.

हा प्रश्न तेथे एवढा महत्त्वाचा का झाला ते आधी समजून घ्यायला हवे. ब्रिटनमध्ये पाळीव मांजरांची संख्या एक कोटीच्या आसपास आहे. बऱ्याच घरांत दाराच्या तळाशी ढकलून उघडणारे छोटे झापड असते. मांजर त्यातून रात्री-अपरात्री बाहेर जाते आणि आपल्या वेळेला परत येते. कुत्रा मालकाबरोबर फिरायला जातो, मांजर एकटेच जाते. त्यामुळे अपघात झाला तर जवळ मालक नसतो. गळ्यात पट्टा घालून त्यावर पत्ता लिहावा म्हटले, तर मांजर कुंपणांतून आणि झाडाझुडपांतून शिरणार. पट्टा फांदीत अडकला तर फास बसेल. म्हणून मांजरांचे चांगले पट्टे मुद्दामच असे बनवतात की जोराची ओढ बसली की बक्कल सुटावे. म्हणजे ज्या धडकेनंतर पत्त्याची गरज पडणार, त्याच धडकेत पत्ता गळून पडण्याचा संभव.

कायद्याचीही एक गंमत आहे. १९८८ च्या ब्रिटिश रस्ता वाहतूक कायद्यानुसार वाहनामुळे प्राण्याला इजा झाली तर चालकाने थांबले पाहिजे, आणि कोणाला नाव-पत्ता देता आला नाही तर पोलिसांना कळवले पाहिजे. परंतु 'प्राणी' म्हणजे कोण, याची यादी त्या कायद्यातच दिलेली आहे : घोडा, गाय-बैल, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, शेळी आणि कुत्रा. मांजर यादीत नाही. ज्या जनावराला शेतावर किंवा बाजारात किंमत होती ते यादीत आले, असा याचा अर्थ लावता येतो. राखणीचा कुत्रा आत आला. धान्य राखणारे मांजर बाहेर राहिले. परिणाम असा की मांजर गाडीखाली आले तर ते कळवण्याचे कायदेशीर बंधन चालकावर नाही. मृत मांजराची खबर लागते ती सकाळी तेथून जाणाऱ्या एखाद्या माणसाला किंवा थेट सफाई कामगारालाच. मालकाच्या आणि त्या देहाच्या मधला एकमेव दुवा म्हणजे तो कामगार आणि त्याच्या हातातला स्कॅनर.

बॅटरी नसलेली चिप

मांजराच्या कातडीखाली जी चिप असते ती म्हणजे साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी काचेची बंद नळी. शिजलेल्या बासमती भाताच्या शिताएवढी म्हणा. पशुवैद्य जाड सुईने ती दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये, कातडीखाली सोडतो. त्यासाठी भूल द्यावी लागत नाही. नळीच्या आत तीन वस्तू असतात : फेराइटच्या बारीक कांडीवर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक धारित्र आणि ज्यात क्रमांक साठवलेला आहे असा सिलिकॉनचा तुकडा. बॅटरी नाही. त्यामुळे ती संपण्याचाही प्रश्न नाही. शरीराच्या उष्णतेवर किंवा रक्ताभिसरणावरही ती अवलंबून नसते. प्राणी जिवंत आहे की मेलेला, याच्याशी चिपला काही कर्तव्य नाही. धडकेत नळीच फुटली नसेल तर ती मृत्यूनंतरही पूर्वीसारखेच उत्तर देते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ही चिप प्राणी कोठे आहे हे सांगत नाही. ती उपग्रहाशी बोलत नाही, खरे म्हणजे स्वतःहून कोणाशीच बोलत नाही. कोणी अगदी जवळ येऊन विचारले तरच उत्तर देते, आणि तेही एकच : स्वतःचा क्रमांक.

मग विचारणाऱ्याचे ऐकायला आणि उत्तर द्यायला वीज कोठून येते? फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनातून. गावातल्या रोहित्रात दोन वेटोळी असतात. एकातून प्रत्यावर्ती प्रवाह गेला की दुसऱ्यात विद्युतदाब निर्माण होतो. दोहोंना जोडणारी तार नसली तरी बदलते चुंबकीय क्षेत्र ते काम करते. स्कॅनर हे असे अर्धे रोहित्र आहे आणि चिप हे त्याचे दुसरे अर्धे. स्कॅनरच्या वेटोळ्यातून सेकंदाला १,३४,२०० आवर्तनांचा प्रवाह वाहतो. चिपमधील वेटोळे आणि धारित्र यांची मापे अशी निवडलेली असतात की त्या मंडलाची नैसर्गिक वारंवारताही तेवढीच असावी. झोक्याला त्याच्या लयीतच हलके धक्के दिले तर तो उंच जातो. तसेच येथे क्षीण क्षेत्रातूनही सिलिकॉनच्या तुकड्याला जागे करण्यापुरती वीज जमा होते.

उत्तर देण्याची रीत तर अधिक सुंदर आहे. जात्यावर दळणाऱ्या बाईला डोळे मिटूनही कळते की जात्यात धान्य पडले की नाही. पडले तर खुंटा जड लागतो, रिकामे असेल तर हलका. चिप नेमके हेच करते. ती आपल्या वेटोळ्यावरचा भार क्षणात वाढवते, क्षणात कमी करते. ते जड-हलके होणे स्कॅनरला स्वतःच्या वेटोळ्यातील विद्युतदाबाच्या सूक्ष्म चढउतारांवरून जाणवते. या चढउतारांच्या क्रमातच शून्य आणि एक दडलेले असतात. एका पूर्ण उत्तरात १२८ द्विमान अंक असतात आणि दर अंकाला क्षेत्राची ३२ आवर्तने लागतात. १,३४,२०० ला ३२ ने भागून विद्यार्थ्यांना पुढचे गणित करू द्यावे : एका उत्तराला सुमारे ०.०३ सेकंद. म्हणजे स्कॅनर जवळ असेपर्यंत चिप आपला क्रमांक सेकंदाला तीसएक वेळा घोकत राहते.

एवढी कमी वारंवारता का निवडली? मेट्रोच्या कार्डाची वारंवारता याच्या सुमारे शंभरपट आहे, आणि मोटारीच्या काचेवरच्या फास्टॅगची त्याहूनही कितीतरी अधिक. फास्टॅग काही मीटरवरून वाचता येतो, परंतु त्याच्या लहरी पाण्यात वेगाने शोषल्या जातात. आणि प्राण्याचे शरीर म्हणजे बव्हंशी खारे पाणीच. १,३४,२०० आवर्तनांच्या चुंबकीय क्षेत्राला मांसाचे काही सेंटिमीटर जवळजवळ आडवे येतच नाहीत. किंमत मोजावी लागते ती अंतराची. वेटोळ्यापासून दूर जाताना असे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते : अंतर दुप्पट केले की क्षेत्र एक अष्टमांश. म्हणून हातातला स्कॅनर चिप वाचतो ती काही सेंटिमीटरवरून, फार तर वीतभर अंतरावरून.

येथेच कामगाराच्या कौशल्याचा प्रश्न येतो. 'स्कॅनर फिरवला, काही निघाले नाही' या वाक्याचा अर्थ चिप नव्हती असाच होतो, असे नाही. चिप एकाच जागी राहील याची खात्री नसते. वर्षांनुवर्षांत ती कातडीखालून सरकून पुढच्या पायाच्या वरच्या भागात किंवा छातीच्या बाजूला गेलेली आढळते. शिवाय तिच्या वेटोळ्याचा अक्ष क्षेत्राच्या दिशेला काटकोनात असेल तर जवळ असूनही तिला वीज मिळत नाही. हे वर्गात सहज दाखवता येते. शेदोनशे फेऱ्यांचे वेटोळे गॅल्व्हानोमीटरला जोडा आणि पट्टीचुंबक त्याच्या अक्षावरून पुढे-मागे हलवा, काटा झुलेल. आता चुंबक हलवण्याची रेषा तीच ठेवून वेटोळे जागच्या जागी काटकोनात वळवा. काटा जवळजवळ स्तब्ध राहील. म्हणून स्कॅनर एका सरळ रेषेत न फिरवता नागमोडी, सावकाश आणि देहाच्या दोन्ही बाजूंनी फिरवायचा असतो. लोखंडी फावड्यावर किंवा ट्रकच्या पत्र्यावर ठेवूनही वाचन करू नये, कारण धातूत निर्माण होणारे भोवरा-प्रवाह क्षेत्राला विरोध करतात. पावसात, रहदारीच्या कडेला, घाईत असलेल्या माणसाकडून हे सगळे दर वेळी घडेलच असे नाही. यंत्र मिळाले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या कार्यालयांना हा मुद्दा सहसा पटत नाही.

आकडे पंधरा, नाव एकही नाही

या चिपांची आंतरराष्ट्रीय मानके १९९६ मध्ये ठरली. क्रमांकाचे पहिले तीन आकडे देशाचे असू शकतात (ब्रिटनचे ८२६, भारताचे ३५६) किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे. कंपन्यांचे आकडे ९०० च्या पुढचे असतात. उरलेले बारा आकडे त्या एका प्राण्याचे. त्यांच्यासाठी ३८ द्विमान अंक राखलेले आहेत. दोनाचा अडतिसावा घात काढला तर २७,४८७ कोटींहून थोडा अधिक येतो. तेवढे प्राणी एकाच देशात किंवा एकाच कंपनीकडे वेगळे ओळखता येतील. संदेशात पडताळणीचेही सोळा अंक असतात. वाचताना एखादा अंक चुकला तर ते स्कॅनरच्या ध्यानात येते आणि तो चुकीचा क्रमांक दाखवण्याऐवजी पुन्हा वाचतो. क्रमांक दिसला म्हणजे तो बरोबरच आहे, एवढा विश्वास यंत्रावर ठेवता येतो.

पण क्रमांक म्हणजे पत्ता नव्हे. चिपमध्ये मालकाचे नाव नाही, दूरध्वनी नाही, मांजराचेही नाव नाही. ते सारे असते नोंदवहीत. आणि ब्रिटनमध्ये ही नोंदवही एक नाही. अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्था वीसहून अधिक आहेत. काउन्सिलचा कर्मचारी संगणकावर क्रमांक घालतो तेव्हा त्याला आधी एवढेच कळते की या क्रमांकाची नोंद अमक्या संस्थेकडे आहे. मग त्या संस्थेशी संपर्क, आपण कोण हे पटवून देणे, आणि तेव्हा मालकाचा दूरध्वनी क्रमांक हाती येतो, किंवा संस्थाच मालकाला कळवते. आणि अगदी शेवटी : घर बदलले, क्रमांक बदलला, मांजर शेजाऱ्याला देऊन टाकले, पण नोंद बदलायची राहिली. तेथे साखळी तुटते. एक अष्टमांश क्षेत्रातूनही चिपने दिलेले उत्तर बंद पडलेल्या दूरध्वनीवर जाऊन थांबते.

नोंद बरोबर असेल तर पुढचे काम माणसाचे. बातमी देणाऱ्याला मांजराचे वर्णन, सापडल्याची जागा आणि वेळ सांगावी लागते. देह पाहण्यासारखा आहे की नाही, हेही सांगावे लागते. देह काही दिवस शीतकपाटात ठेवतात. किती दिवस, ते प्रत्येक काउन्सिलचे वेगळे. मालक आला तर देह त्याच्या ताब्यात देतात, नाही आला तर जाळतात.

आता मुख्य तिढा. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप बसवणे एप्रिल २०१६ पासून सक्तीचे झाले. १० जून २०२४ पासून मांजरांनाही : पिलू वीस आठवड्यांचे होण्याआधी चिप बसवून नोंद करायची, नाही तर एकवीस दिवसांची मुदत आणि त्यानंतर ५०० पौंडांपर्यंत दंड. ही सक्ती मालकावर आहे. मेलेले मांजर उचलणाऱ्याने ती चिप वाचलीच पाहिजे, अशी सक्ती या नियमांत नाही. बऱ्याच काउन्सिली ते काम आपणहून करतात, पण पद्धत सगळीकडे सारखी नाही. पत्र पाठवणाऱ्याने पिनकोड लिहिलाच पाहिजे आणि टपालवाल्याने तो वाचावा की नाही हे त्याच्या मर्जीवर, असा हा प्रकार आहे.

हा तिढा लोकांनीच चव्हाट्यावर आणला. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वी नावाचा एक कुत्रा एम-६२ या महामार्गावर मेला. त्याला चिप होती, तरी त्याच्या घरच्यांना कित्येक आठवडे काही कळले नाही. ते शोधतच राहिले. त्यांच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. मार्च २०१५ मध्ये कॉमन्स सभागृहात त्यावर चर्चा झाली आणि महामार्ग खात्याने मृत कुत्र्यांची ओळख पटवून मालकांना कळवण्याची पद्धत मान्य केली. मांजरांसाठी अशीच चळवळ 'गिझमो' या मांजराच्या नावाने उभी राहिली. त्याचा देह २०१६ मध्ये चिप न वाचताच कचऱ्याबरोबर गेला होता. या दोन्ही कहाण्यांत दुःखाचे मूळ मृत्यूपेक्षा न कळण्यात अधिक आहे. मांजर मेले हे कळले तर माणूस रडून मोकळा होतो. कळले नाही तर रोज संध्याकाळी दार उघडून हाक मारत राहतो, भिंतींवर चित्रे चिकटवतो, आणि त्याने पाहिलेले प्रत्येक दुसरे मांजर त्याला क्षणभर आपले वाटते.

चिप नसेल तेव्हा

मग उरतात अंगावरच्या खुणा : रंग, पट्टे, शेपटीचा आकार, दातांवरून वयाचा अंदाज, नर की मादी. यांची नोंद करून ठेवली तर मालकाने विचारणा केल्यावर ताडून पाहता येते. येथे आनुवंशिकी थोडी मदत करते. अंगावर काळे आणि नारिंगी असे दोन्ही ठिपके असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. दोन्ही रंग एकत्र येण्यासाठी दोन एक्स गुणसूत्रे लागतात, आणि नराकडे सामान्यतः एकच असते. असा नर साधारण तीन हजारांत एखादाच. गंमत म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत असूनही नेमके जनुक सापडले ते अगदी अलीकडे. जपान आणि अमेरिका येथील दोन गटांनी ते २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. डीएनएचा सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गळाल्याने हा रंग येतो.

डाव्या कानाचे टोक सरळ कापलेले असेल, तर ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ हे मांजर मोकाट असून त्याची नसबंदी झालेली आहे, म्हणजे घरी कळवण्यासारखे बहुधा कोणी नाही. आपल्याकडे नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला अशीच खाच पाडतात. विद्यार्थ्यांना ती गल्लीतही दाखवता येईल.

मृत जनावराची ओळख पटवण्याची गरज आपल्या खेड्यांत नाही असे मात्र नाही. फक्त ते जनावर मांजर नसते. गाय, बैल किंवा म्हैस यांच्या कानातला पिवळा बिल्ला आपण पाहतो. त्यावरचे बारा आकडे हा देशभरात त्या एकाच जनावराचा क्रमांक असतो आणि त्याची नोंद 'भारत पशुधन' या संगणकीय नोंदवहीत असते. विमा उतरवलेले जनावर दगावले तर भरपाईच्या दाव्यासाठी पंचनाम्याच्या वेळी पहिली चौकशी होते ती या बिल्ल्याची. बिल्ला नसेल तर हेच ते जनावर, हे सिद्ध करणे अवघड जाते. बिल्ला डोळ्यांनी वाचता येतो, त्याला स्कॅनर लागत नाही. पण बैल बाजारात विकला गेला आणि नोंद जुन्याच मालकाच्या नावावर राहिली, तर तो दगावल्यावर नव्या मालकाच्या हाती बारा आकडे असतात आणि नोंदवहीत नाव भलत्याचेच. ज्यांच्या घरी गुरे आहेत अशा विद्यार्थ्यांना बिल्ल्यावरचा क्रमांक उतरवून आणायला सांगावे, आणि गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन त्या क्रमांकापुढे कोणाचे नाव लागले आहे हे विचारून यायलाही.